काय नाय

पाखाडीच्या तळाशी उभे राहा. सत्तावीस पायऱ्या आहेत, जांभ्या दगडाच्या. मधल्या दोन हलतात. वर खळं, खळ्याला लागून ओटी, ओटीपलीकडे माजघर. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. संगमेश्वर म्हणा, गुहागर म्हणा, राजापूर म्हणा, पाखाडी सगळीकडे अशीच चढावी लागते. घर मनातलं आहे. तारखा, रकाने आणि आकडे मात्र सरकारी दप्तरातले.

तुम्ही शिरगणती करणारे. सरकार तुम्हाला पुन्हा पुन्हा याच दारात पाठवतं. तुमचं वय वाढत नाही, एवढी एकच सवलत तुम्हाला आहे. हातातला कागद बदलेल, टाक जाऊन बॉलपेन येईल, शेवटी कागदच जाईल. दारातली माणसंही बदलतील. प्रश्न तेच राहतील: घरात कोण कोण आहे? वय काय? काय करता?

सहा वेळा चढायचंय. दम राखून ठेवा.

18 मार्च 1921, रात्र

चांदणं आहे. शिरगणतीची रात्र ठरवताना साहेबलोकही चंद्र बघतात, कारण गणना करणाऱ्याला अंधारात घरोघर फिरायचं असतं. शिमगा तोंडावर आलाय, खालच्या वाडीत ढोल वाजतोय. तुमच्या एका हातात कंदील, काखेत वही, खिशात लाल शाईची दौत. काही दिवसांपूर्वी तुम्ही काळ्या शाईनं सगळी घरं लिहून गेलात, दारांवर नंबर घालून गेलात. आज रात्री साऱ्या हिंदुस्थानात एकदम तपासणी आहे. मधल्या दिवसांत जे जन्मलं ते लाल शाईनं लिहायचं, जे मेलं ते लाल शाईनं खोडायचं.

घरधनी ओटीवर वाट बघतच बसलाय. "मास्तर, एक खोडायचंय."

तान्हं पोर होतं. गेल्या सोमवारी गेलं. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे वहीत नावाच्या जागी नुसतं 'मुलगा' आहे. तुम्ही त्यावर लाल रेघ मारता. घरधन्याचा चेहरा हलत नाही. त्याची ही तिसरी रेघ आहे.

उरली नऊ माणसं. घरधनी चाळीस. बायको बावीस, ही दुसरी. पहिली अडीच वर्षांपूर्वी मानमोडीत गेली. मानमोडी म्हणजे 1918 चा तो इन्फ्लुएंझा. पहिलं महायुद्ध संपता संपता तो बोटीनं मुंबईत उतरला आणि देशभर पसरला. त्यात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत माणसं गेली असावीत, असे पुढचे अभ्यासक सांगणार आहेत. या घरात तो मुंबईहून आलेल्या धाकट्या भावाबरोबर आला. भाऊही गेला. त्याची बायको, वय एकोणीस, आत चुलीपाशी आहे.

तिचं नाव तुम्ही विचारत नाही. बायकांची नावं सांगायला घरच्यांची हरकत असेल तर नुसतं 'स्त्री' लिहावं, अशी गणनेची सूचनाच आहे. तुम्ही लिहिता: स्त्री, विधवा, 19.

कोपऱ्यात घोंगडीवर घरधन्याची आई. "आजी, वय काय तुमचं?" तिला आकडा ठाऊक नाही. शिपायांच्या बंडाच्या साली ती रांगत होती, एवढं तिच्या आईनं सांगितलेलं. तुम्ही 65 लिहिता. तुमच्या वहीत बहुतेकांची वयं शून्यावर नाहीतर पाचावरच संपतात. अख्ख्या वाडीत साठी ओलांडलेली ती एकटी. देशात शंभरात पाचेक माणसं तेवढी जगलेली. या दशकाचं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास निघतं. म्हणजे लोक विशीत मरत होते असं नाही. पाळण्यात एवढी मरत होती की सरासरी तिथंच अडकून पडायची. या वेळची बेरीज लागेल तेव्हा देशाचा आकडा 1911 च्या 25.21 कोटींवरून 25.13 कोटींवर आलेला दिसेल. विसाव्या शतकात लोकसंख्या घटलेलं हे एकच दशक.

एकत्र कुटुंबात म्हाताऱ्यांचं कसं छान निभायचं, हे तुम्ही पुढे शंभर वर्षं ऐकणार आहात. ऐकाल तेव्हा ही ओटी आठवा. इथे एका म्हातारीला आठ माणसं आहेत, आणि शेजारच्या चार घरांत म्हातारं माणूसच नाही. निभायला फार काही नव्हतंच. जे होतं ते त्या एकोणीस वर्षांच्या बाईवर होतं. म्हातारीच्या उशाशी तांब्या ठेवायचा, रात्री तिला हाताला धरून परसात न्यायचं, तिचे पाय चेपायचे.

आता कामाचा रकाना. 1921 चा तक्ता माणसांचे दोन भाग करतो: काम करणारे आणि त्यांच्या जिवावर पोसले जाणारे. तुम्ही माजघराकडे मान करून विचारता, "ही काय करते?"

घरधनी म्हणतो, "काय नाय. घरात असते."

तुम्ही तिला दुसऱ्या भागात लिहिता आणि पाखाडी उतरता.

याच वर्षी मुंबईत गणिताचे एक प्राध्यापक संततिनियमनाचं केंद्र उघडतायत. रघुनाथ धोंडो कर्वे, मूळचे याच जिल्ह्यातल्या मुरूडचे. चार वर्षांत त्यांना या पायी विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागेल. पाळण्यातली पोरं लाल रेघेखाली जात असताना पोरं कमी होऊ द्या म्हणणारा माणूस लोकांना वेडा वाटला, तर नवल नाही.

फेब्रुवारी 1951

या खेपेला उजेडात चढायचंय. एका रात्रीत सगळा देश मोजण्याची पद्धत गेली, आता तीन आठवडे मिळतात. स्वतंत्र देशाची ही पहिली शिरगणती, माणशी एक चिठ्ठी.

दारात नवी सून. वय तिचा सासरा सांगतो आणि जरा घाईनं सांगतो: पंधरा. कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय दोनच वर्षांपूर्वी चौदाचं पंधरा केलंय, हे त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं दिसतं. तिच्याकडे नीट बघून घ्या. पुढच्या प्रत्येक खेपेला तीच भेटणार आहे.

तिचा नवरा घरात नाही, म्हणून तुमच्या चिठ्ठीतही नाही. तो गिरणगावात, गावकीच्या खोलीत. एका खोलीत वीस-पंचवीस गाववाले; दिवसपाळीची माणसं उठली की रातपाळीची त्याच वळकटीवर आडवी होतात. जेवण खानावळीत. दर महिन्याला पोस्टमन पाखाडी चढून येतो, मनीऑर्डरचे पैसे मोजून देतो आणि खालच्या कुपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवतो. नवऱ्याची ख्यालीखुशाली तिला पोस्टमनच्या आवाजात कळते, तीही सासऱ्याच्या मागे उभं राहून.

या चिठ्ठीत माणसाचे तीन प्रकार आहेत: स्वावलंबी, कमावता अवलंबित, न कमावता अवलंबित. आजेसासरा, तोच 1921 चा घरधनी, आता सत्तरीत गेलाय. त्याला दिसत नाही. सकाळी त्याला खळ्यात आणून बसवणं, पेज भरवणं, धोतर धुणं हे कोण करतं ते तुम्हाला समोर दिसतंय. तरी विचारावं लागतं.

"काय करतेस गं?"

ती सासऱ्याकडे बघते. "काय नाय. घरातच असतंय."

न कमावती अवलंबित.

देशाचं आयुर्मान आता बत्तिसाच्या घरात आहे. डीडीटी फवारणारे अजून या वाडीत पोचलेले नाहीत, पण पोचतील. सुईतली औषधंही येतील. या मुलीची बहुतेक पोरं जगतील. नेमका इथून देश वळतो, आणि हे वळण पाहायचं तर मुरूडच्या त्या कर्व्यांच्याच घरात डोकवा. वडील, महर्षी धोंडो केशव कर्वे, आज ब्याण्णव वर्षांचे आहेत. ते 104 वर्षं जगतील. थोरला मुलगा, रघुनाथराव, अजूनही 'समाजस्वास्थ्य' काढून पोरं कमी होऊ द्या म्हणून सांगतोय. 1953 मध्ये तो वडिलांच्या आधी जाईल आणि मासिक त्याच्याबरोबर थांबेल. त्याच 1953 मध्ये सून इरावती कर्वे भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करतील. लांबलेलं आयुष्य, आखडलेला पाळणा आणि बदलतं कुटुंब: पुढच्या पाऊणशे वर्षांचा अभ्यासक्रम या एका कुटुंबानं वाटून घेतल्यासारखा दिसतो.

मार्च 1971

वाटेत आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लाल त्रिकोण बघितलात? शेजारी आईबाप आणि पोरांचे हसरे चेहरे. देश 54 कोटींच्या पुढे गेलाय आणि सरकार घाबरलंय.

सून आता पस्तिशीची, वाडीत तिला सगळे वयनी म्हणतात. सहा बाळंतपणं झाली, चार पोरं हयात. शेवटच्यानंतर तिनं तालुक्याला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. "त्यांनी का नाही केलं?" हे तुमच्या कागदावर नाही, तुम्ही सहज विचारता. ती हसते. "त्यांना गिरणीत आठ तास उभं ऱ्हावं लागतं." भाताचे भारे तिच्या डोक्यावरनं येतात, पण तिचं उभं राहणं कुणी तासांत मोजलेलं नाही.

पाचच वर्षांनी, आणीबाणीत, नसबंदीचा वरवंटा पुरुषांवर फिरेल. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होतील, त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्राची विधानसभा तर सक्तीचा कायदाही मंजूर करील. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळणार नाही. सरकार पडल्यावर पुरुष या कामातून असे बाहेर पडतील की पुन्हा फिरकणार नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभर विवाहित जोडप्यांमागे सुमारे 38 बायकांची शस्त्रक्रिया झालेली आढळेल, आणि हजार जोडप्यांमागे तीन पुरुषांची. देशाचा जन्मदर खाली आला तो बायकांच्या या टाक्यांवर.

आज तुम्ही जरा लवकर आलात, म्हणून ओटीवर थांबा आणि बघा. ती पहाटे चारला उठली. विहिरीचे चार हंडे आणले. गोठा काढला, शेण टाकलं, म्हशीची धार काढली. चूल पेटवून पेज चढवली. माजघरात सासू आहे, गेल्या भाद्रपदात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वयनी तिला कुशीवर वळवते, पाठीला खोबरेल लावते, खालची वाकळ ओढून काढते, दुसरी घालते. वाकळ ओढताना सासू तोंड भिंतीकडे करते. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. या कामात बोलायचं नसतं, हे दोघींना कळतं. मग ओली वाकळ घेऊन ती पऱ्ह्यावर जाते. परत येऊन हात धुऊन तुमच्यासमोर बसते.

"काय करता, वयनी?"

"काय नाय. घरातच असतंय."

या वेळच्या तक्त्यात माणसाचं 'मुख्य' काम विचारलंय, आणि जे कामकरी नाहीत त्यांच्यासाठी इंग्रजी अक्षरं दिलीत. घरकामाचं अक्षर एच. ती पावसाळाभर शेतात असते. पण मुख्य काय, असं विचारलं की घर. तुम्ही एच लिहिता. देशभरच्या गणकांनी असंच लिहिलं, आणि बेरजेत काम करणाऱ्या बायकांचा आकडा 1961 च्या मानानं जवळजवळ निम्म्यावर आला. बायकांनी काम सोडलेलं नव्हतं. प्रश्नाची मांडणी तेवढी बदलली होती.

फेब्रुवारी 1991

ही खेप पटकन उरका. घरात सांगण्यासारखं कुणी बोलत नाही.

नवरा परत आलाय. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या कित्येकांना पुन्हा आत जायला गेटच उरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो या घरात सलग राहतोय. ओटीवर बसतो, चहा मागतो, पुन्हा मागतो. तीस वर्षं मनीऑर्डरनं संसार केलेली दोन माणसं साठीकडे झुकल्यावर एकमेकांची सवय करून घेतायत.

बदल दुसरीकडे झालाय, तुमच्या कागदावर बघा. मुलं दोन, सुना दोन, नातवंडं तीन, आणि त्यांतलं इथे कुणीच नाही. एक नालासोपाऱ्याला, एक डोंबिवलीला. बाप गावकीच्या खोलीत राहिला म्हणून आई गावात राहिली. मुलांनी लांबच्या उपनगरात का होईना, स्वतःची खोली घेतली, म्हणून सुना त्यांच्याबरोबर गेल्या. त्यात चूक काहीच नाही. वयनीनंच त्यांना जा म्हणून सांगितलं. "माझ्यासारखं नको," एवढंच म्हणाली.

आता ती काकी. माजघरात आजारी कुणी नाही. पण या ओटीवर पुढे जो आजारी पडेल त्याच्या उशाशी तांब्या ठेवायला सून नसेल, हे आजच ठरून गेलंय. कोकण रेल्वेचं काम सुरू झालंय. सगळे म्हणतात, गाडी आली की माणसं परत येतील.

फेब्रुवारी 2011

गाडी 1998 ला आली. माणसं गणपतीला आणि शिमग्याला येतात.

पाखाडीवर वाळलेला पाला आहे. रोज झाडणारं कुणी नाही. आठ घरांना कुलपं. कुलपांच्या किल्ल्या काकीकडेच असतात; ती आता आजी झालीय. माजघराच्या खुंटीवर आठ जुडगे टांगलेत, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी. रंग कुठल्या घराचा ते तिलाच ठाऊक. तिचा मोतीबिंदू पिकलाय, त्यामुळे तीही आता चिंधी हातानं चाचपून ओळखते.

ती 75 वर्षांची. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. कुटुंबातल्या माणसांची संख्या: एक. तुम्ही तेवढ्या एका माणसासाठी लांबलचक तक्ता उलगडता. दिसतं का? ऐकू येतं का? चालता येतं का? मग तो प्रश्न: एकूण मुलं किती झाली, हयात किती?

ती बोटं मोजते. अंगठ्यापासून सुरुवात करते आणि तिसऱ्या बोटावर थांबते. पहिला मुलगा, आठ दिवसांचा. मग एक मुलगी, दोन वर्षांची, तापानं. त्यांची नावं तिला आठवतात. तुमच्याकडे नाव लिहायला जागा नाही. "सहा. चार हायत." चौघांच्या मिळून सहा मुलं. सहावरून चार, चारांची सहा. एका पिढीला दीड. ज्याला लोकसंख्येचं संक्रमण म्हणतात, ते या म्हातारीच्या पाच बोटांत मावतं.

कामाचा रकाना येतो. 'काम नाही' असेल तर पुढे सांकेतिक अंक: विद्यार्थी 1, घरकाम 2, अवलंबित 3. तुम्ही विचारायच्या आधीच ती म्हणते, "लिवा, काय नाय." आठ घरांच्या किल्ल्या सांभाळणं, पावसाळ्याआधी त्यांची कौलं चाळून घ्यायला माणूस बघणं, गणपतीच्या आदल्या दिवशी सगळी दारं उघडून झाडून ठेवणं यासाठी अंक नाही.

"मुंबईला का जात नाही, आजी?"

"गेलंय की. दोनदा. सकाळी सगळी जातात, दार लावून घे म्हणतात. बंद दाराआड बसायचं तं हितं काय वाईट? हितं दार तरी उघडं."

उतरताना तुम्हाला आपली बेरीज ठाऊक नाही, पण ती अशी लागणार आहे. रत्नागिरी जिल्हा 2001 मध्ये 16,96,777 होता, आता 16,15,069. सिंधुदुर्ग 8,68,825 वरून 8,49,651. महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत दीड कोटीनं वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. माणसं गेली कुठे ते बघायचं तर याच तक्त्यात ठाणे जिल्हा बघा: 81 लाखांचा 1 कोटी 10 लाख झालाय. आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 बायका. मुली जास्त जन्मतात म्हणून हा आकडा नाही. कमावते पुरुष बाहेर, बायका आणि म्हातारपण घरात, एवढाच त्याचा अर्थ. देशात साठीपुढची माणसं 1951 मध्ये सुमारे दोन कोटी होती, आता दहा कोटींवर गेलीत. महाराष्ट्रात शंभरात जवळपास दहा.

फेब्रुवारी 2027

मधली खेप चुकली. 2021 ची शिरगणती करोनानं पुढे ढकलली ती ढकललीच. जाहीर झालेली नवी संदर्भवेळ 1 मार्च 2027 ची, मध्यरात्रीची. या वेळी कागद नाही, हातात मोबाइल, आणि लोकांना आपली माहिती आपणच भरायचीही सोय. ही खेप अजून व्हायची आहे, म्हणून जे दिसेल ते अंदाजानं बघा.

शाळेवरून जाताना आवाज येत नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत, ही त्यांतलीच असेल किंवा एव्हाना बंदही असेल. वरच्या कलमांच्या बागेत एक नेपाळी जोडपं राखणीला आहे. त्यांचं पोर बांधावर खेळतंय. वाडीतलं ते एकुलतं लहान मूल.

दारात एक बाई उभी आहे, केस निम्मे पांढरे, गुडघ्याला पट्टा. तुम्हाला क्षणभर वाटतं, आजी एवढ्या तरुण कशा? ही धाकटी लेक, वय अठ्ठावन्न. विरारला पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची, महिन्याचे पैसे हातात यायचे. दीड वर्षापूर्वी आजी न्हाणीत पडली, खुबा मोडला. भावांनी फोनवर ठरवलं की बहिणीनं जावं. तिची मुलं मोठी झालीत, आणि ती तशीही रिकामीच. आजी आत खाटेवर, 91 वर्षांची. डोकं स्वच्छ आहे. किल्ल्या उशाखाली.

आजीला सरकारनं काही दिलं नाही असं म्हणू नका. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला पंधराशे रुपये येतात. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे; मात्र स्टँडपर्यंत पोचायला सत्तावीस पायऱ्या उतराव्या लागतात. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेचा पाच लाखांचा विमाही आहे. शिवाय 2007 चा कायदा: मुलं सांभाळत नसतील तर प्रांताकडे अर्ज करायचा, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळते. पैसे, तिकीट, ऑपरेशन, खटला, सगळ्याची तरतूद आहे. रात्री दोन वाजता कुशीवर कोण वळवणार, याची मात्र नाही.

ती वाकळ बदलते तशीच, जशी 1971 मध्ये तुम्ही तिच्या आईला बदलताना पाहिलंत. आजी तोंड भिंतीकडे करते. बदल एवढाच की तेव्हा वळवणारी पस्तिशीची होती, आता साठीला टेकलेली आहे. वळवताना दोघींच्याही तोंडून हुंकार निघतो.

तुम्ही मोबाइल पुढे धरता. "तुम्ही काय करता?"

"काय नाय. आयशीजवळ असतंय."

बोट उचलू नका. जरा थांबा.

तुम्ही शंभर वर्षांत सहा वेळा या दारात आलात. पोसली जाणारी, न कमावती अवलंबित, एच, अंक दोन: रकान्याचं नाव दर वेळी वेगळं होतं, उत्तर दर वेळी तेच. पाखाडीच्या वरचं म्हातारपण शंभर वर्षं जिनं पेललं, तिला आपण प्रत्येक वेळी बिनकामाची म्हणून लिहून उतरलो. पूर्वी ते खपून जायचं. म्हातारी एक होती, सुना तीन होत्या, आणि म्हातारी फार दिवस पुरत नव्हती. आता देशाचं आयुर्मान सत्तर झालंय. 2019-21 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. पिढीची जागा पिढीनं भरायला 2.1 लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे की 2050 पर्यंत देशातलं दर पाचवं माणूस साठीपुढचं असेल. एवढं ओझं 'काय नाय' या दोन शब्दांवर उभं राहणार नाही.

जपानला हे आधी कळलं, कारण तिथे सुना आधी थकल्या. एप्रिल 2000 पासून तिथे चाळिशीपुढच्या प्रत्येकाला शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता भरावा लागतो, आणि त्यातून म्हाताऱ्यांच्या घरी शिकलेला, पगारी माणूस येतो. अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं हे तिथे दर ठरलेलं काम आहे. आपल्याकडे 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला 289 मिनिटं त्या बिनपैशाच्या कामाला देतात असं निघालं. पुरुष देतात 88. मोजायची सुरुवात झालीय एवढं म्हणता येईल. पैसे मोजायची व्हायची आहे.

ही सुरुवात सरकारकडून होईल तेव्हा होईल, आणि आपण ती मागत राहायला पाहिजे: गावागावात आशासेविका आहेत तशी, पण पगारी, शुश्रूषा. पण तुमच्या कुटुंबाच्या तक्त्याला सरकारची परवानगी लागत नाही. येत्या शिरगणतीत तुम्ही स्वतःच्या मोबाइलवर माहिती भराल, तेव्हा घरातल्या कुणाच्या नावापुढे 'काम नाही' येतंय ते बघा. ती कुणाच्या उशाशी असेल, तर तिच्या भावांनी आणि बहिणींनी बसून हिशेब करावा. पोळीभाजी केंद्रात तिला जे मिळत होतं ते दर महिन्याला तिच्या खात्यात, तिच्या नावानं जावं. त्याला मदत म्हणू नये, पगार म्हणावं. आणि पगार म्हटला की सुट्टी आली. महिन्यातून चार दिवस तिनं विरारला जावं, आपल्या गुडघ्याचा डॉक्टर गाठावा. त्या चार दिवसांत वाकळ बदलायला भावानं पाखाडी चढावी.